जखमी घार पाळायची नसते, परत करायची असते

संक्रांतीनंतरचा शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज आटोपून मशिदीबाहेर आलो, तर सातवीतला माझा एक विद्यार्थी चपला हातात घेऊन वाट पाहत उभा. "सर, चील मिली है. चार दिन से घर पे रखी है. खाती नहीं." त्याच्या घरी गेलो. कोंबड्यांच्या खुराड्यात, अगदी कोपऱ्यात, घार बसली होती. डाव्या पंखाला हिरवा नायलॉन मांजा गुंडाळलेला. समोर वाटीत दूध-पाव आणि बिर्याणीतल्या दोन बोट्या. पोराची दादी रोज बिस्मिल्लाह म्हणून चमच्याने तिच्या चोचीत पाणी घालत होती. घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने जीव लावला होता.

वन विभागाला फोन केला. वनरक्षक आले आणि घारीला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ती मेली. डॉक्टर म्हणाले की पंखाची जखम जीवघेणी नव्हती. पण पाणी फुफ्फुसात गेले होते आणि चार दिवसांत जखम सडली होती.

पोराने मला विचारले, "सर, तिला आपणच मारलं का?"

तेव्हा त्याला नीट उत्तर देता आले नाही. त्यानंतर डॉक्टरांना विचारले, वन विभागाच्या लोकांना विचारले, वाचले. जे समजले ते इथे लिहितो आहे. कारण जानेवारी दरवर्षी येतो, आणि पतंग आपल्याच गच्च्यांवरून उडतात.

हे पक्षी जमिनीवर येतात कसे?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात शिकारी पक्षी भरपूर आहेत. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्यांत, लोणारच्या सरोवराभोवतीच्या झाडीत तर आहेतच, पण गावातही आहेत. मटण मार्केटवर घिरट्या घालणारी घार, कडुलिंबात दडून चिमण्यांवर झडप घालणारा शिक्रा, शेताच्या तारेवर बसणारी पांढरी-राखाडी कापशी, जुन्या वाड्याच्या ढोलीत राहणारा पिंगळा, आणि पडक्या इमारतीतले पांढऱ्या चेहऱ्याचे गव्हाणी घुबड.

निरोगी शिकारी पक्षी माणसाच्या हाती लागत नाही. तो जमिनीवर बसलेला दिसला आणि जवळ गेल्यावरही उडाला नाही, तर समजावे की काहीतरी बिघडले आहे. कारणे साधारण ठरलेली असतात. जानेवारीत मांजा. एप्रिल-मे मध्ये मलकापूर-नांदुऱ्याकडचा उन्हाळा, ज्यात पक्षी पाण्यावाचून गळून पडतात. वर्षभर विजेच्या तारा आणि रस्त्यावरची वाहने. आता समृद्धी महामार्गही आपल्या जिल्ह्यातून जातो, आणि रात्री रस्त्यावर उंदीर टिपायला उतरलेले घुबड गाडीच्या दिव्याने भांबावते.

एक कारण मात्र डोळ्यांना दिसत नाही, ते म्हणजे विष. शेतात किंवा गोदामात उंदरांसाठी औषध ठेवतात. औषध खाल्लेला सुस्त उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि विष घुबडाच्या पोटात जाते. गिधाडांचे असेच झाले. ढोरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले, पण तोवर देशातली बहुतेक गिधाडे संपली होती. आजोबांच्या काळात गावाबाहेर ढोर टाकले की आभाळ भरून गिधाडे उतरत. आज आपल्या मुलांनी गिधाड पाहिले आहे ते पुस्तकातच.

पहिला तास : काय करायचे

१. आधी गर्दी हटवा. पोरांना आणि कुत्र्या-मांजरांना लांब करा. पक्ष्याला आपण मदतीला आलो हे कळत नाही. त्याच्यासाठी आपण त्याला खायला आलेले जनावर असतो. आरडाओरडा आणि मोबाइलचे फोटो यांनी त्याचे हृदय इतके धडधडते की तेवढ्यानेही तो मरू शकतो.

२. जाड टॉवेल, गोधडीचा तुकडा किंवा जुनी चादर मागून पूर्ण अंगावर टाका, डोके झाकून. अंधार झाला की पक्षी शांत होतो. मग दोन्ही पंख अंगाशी धरून अलगद उचला. भीती चोचीपेक्षा नखांची जास्त असते. शिकारी पक्ष्याच्या पंजाची पकड एकदा बसली की सहज सुटत नाही, म्हणून पाय कापडात नीट धरा. मुलांना हे काम देऊ नका.

३. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. बाजूने पेन्सिलीएवढी भोके पाडा, तळाशी जुने कापड अंथरा, झाकण बंद करा. तारेचा पिंजरा नको, खुराडा तर नकोच. तारेवर धडका मारून पिसे मोडतात, आणि ते किती महाग पडते ते पुढे सांगतो.

४. खोके घरातल्या शांत, सावलीच्या खोलीत ठेवा. थंडी असेल तर उबेत, उन्हाळ्यात हवेशीर जागी. पाच-पाच मिनिटांनी उघडून पाहू नका.

५. मांजा ओढून काढू नका. पक्षी लटकला असेल तर मोकळी दोन्ही टोके कात्रीने कापा आणि जखमेत रुतलेला भाग तसाच राहू द्या. तो ओढला की शिरा आणि स्नायू तुटतात. पक्षी विजेच्या तारेवर लटकला असेल तर स्वतः काठी घेऊन चढू नका, महावितरण किंवा अग्निशमन दलाला कळवा.

६. लगेच १९२६ वर फोन करा. ही महाराष्ट्र वन विभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन आहे. नाही तर जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. पक्षी कुठे आणि किती वाजता सापडला हे कागदावर लिहून ठेवा. बरा झाल्यावर त्याला सोडायचे कुठे, हे त्यावरूनच ठरते.

७. हात साबणाने धुवा. पक्ष्याला घरच्या कोंबड्यांजवळ नेऊ नका. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मरून पडलेले दिसले तर हातच लावू नका, फक्त कळवा. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे मरून पडत होते, तो बर्ड फ्लू निघाला.

पाणी, दूध आणि बिर्याणी का नको?

दादीचा हेतू नेक होता, त्यात शंका नाही. पण पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या अगदी मागेच उघडते. वरून चमच्याने घातलेले पाणी गिळता आले नाही की सरळ फुफ्फुसात जाते. पक्षी स्वतः पितो तेव्हा ते भोक बंद करतो. घाबरलेल्या, अर्धमेल्या पक्ष्याला ते जमत नाही.

दूध पक्ष्यांना पचत नाही. पावाने पोट भरते, ताकद येत नाही. मीठ-मसाल्याचे शिजलेले मटण तर त्यांचे अन्नच नाही. आणि ताजे कच्चे मटण दिले तरी पहिल्या काही तासांत तेही धोक्याचे, कारण अंगातले पाणी आटलेल्या पक्ष्याच्या पोटात मांस तसेच पडून राहते. डॉक्टर आधी पाणी भरून काढतात, कातडीखाली सुई देऊन किंवा नळीने, आणि मगच हळूहळू अन्न देतात. शिकारी पक्षी एक दिवस उपाशी राहिल्याने सहसा मरत नाही. चुकीच्या घासाने मात्र मरतो.

४८ तासांचा कायदा, आणि आपली भीती

आपल्या मोहल्ल्यात पक्षी सापडल्यावर लोक फोन करायला कचरतात, हे मान्य केले पाहिजे. "पोलीस येतील, आपल्यालाच विचारतील, उगाच केस लागेल." म्हणून पक्षी गुपचूप घरात राहतो. पण कायदा नेमका उलटा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे असा वन्य पक्षी सरकारी मालमत्ता असतो. तो हाती आला की ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. कळवणारा मदतनीस असतो. न कळवता पिंजऱ्यात ठेवणारा मात्र, कितीही प्रेमाने ठेवला असला तरी, अडचणीत येतो.

म्हणून फोन लगेच करा. कोणाशी बोललात, किती वाजता, ते लिहून ठेवा. पक्षी सोपवताना नाव-तारीख नोंदवून घ्या. हे झाले की मनात भीती राहत नाही.

दवाखान्यात पुढे काय होते?

पक्ष्यांची हाडे आतून पोकळ असतात, म्हणून उडता येते. पण म्हणूनच ती मोडली की चिरफाळतात. दुसरी गोष्ट, ही हाडे माणसापेक्षा फार लवकर जुळतात, साधारण दोन-तीन आठवड्यांत. चांगली गोष्ट वाटते ना? पण हाड वाकडे जुळले तर तेही तितक्याच लवकर, आणि मग कायमचे. त्या घारीचे खुराड्यात गेलेले चार दिवस म्हणून मोठे होते. वेळेत नेले तर डॉक्टर पंख दुमडून ८ च्या आकड्यासारखी पट्टी बांधतात किंवा हाडात बारीक सळई घालतात.

मांजाची जखम बहुधा पंखाच्या पुढच्या कडेला होते. तिथे खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा पडदा असतो आणि त्याच्या कडेने एक स्नायूबंध जातो. बाहेरून वीतभर चीर दिसते, पण तो बंध तुटला असेल तर पंख पूर्ण उघडत नाही. कातडी शिवता येते, तुटलेला बंध जोडणे फार अवघड.

मग पिसे. मोडलेले पीस लगेच नवे येत नाही. जुने गळून पडेपर्यंत, म्हणजे कधीकधी वर्षभर, थांबावे लागते. तोवर पक्ष्याला पिंजऱ्यातच ठेवावे लागते. यावर एक जुना उपाय आहे. गळून पडलेले दुसरे चांगले पीस घ्यायचे आणि बारीक काडी व डिंक वापरून मोडक्या पिसाच्या नळीत बसवायचे. ही बाज पाळणाऱ्यांची शेकडो वर्षांची विद्या. आपले 'बाज' आणि 'शाहीन' हे शब्द फारसीतून आले, ते या विद्येबरोबरच. आखातात नोकरीला गेलेल्यांनी अबुधाबीच्या फाल्कन हॉस्पिटलचे नाव ऐकले असेल. १९९९ मध्ये सुरू झालेल्या त्या दवाखान्यात आजही पिसे अशीच जोडतात.

बसायची जागाही महत्त्वाची. एकाच गुळगुळीत, कडक दांड्यावर बसून पंजाला फोड येतो, तो चिघळतो. म्हणून दांड्याला दोरी किंवा कृत्रिम गवत गुंडाळतात. अन्नात हाडासकट मांस लागते. नुसती बिनहाडाची बोटी महिनाभर दिली तर कॅल्शियम कमी पडून पिल्लांची हाडे वाकतात.

शेवटी उड्डाण. लहान खोलीतून मोठ्या पिंजऱ्यात, तिथे रोज उडवून स्नायू परत भरून आणायचे. घार पडलेले-मेलेलेही खाते, त्यामुळे थोडी कमी उडाली तरी जगते. शिक्र्याला झाडीतून वेगाने वळत पाठलाग करावा लागतो, त्याचे उड्डाण पूर्ण हवे. घुबडाचे पंख आवाज न करता फिरायला हवेत आणि कान शाबूत हवेत, कारण ते अंधारात आवाजावर शिकार करते. या परीक्षेत पास झाल्यावरच सोडतात. शक्यतो जिथे सापडला तिथेच, घार-शिक्रा सकाळी, घुबड मगरिबच्या सुमारास.

आणि नापास होण्याचे एक कारण आपण असतो. पिल्लू घरी आणून हाताने भरवले, नाव ठेवले, खांद्यावर बसवले, की ते माणसालाच आपले समजू लागते. त्याला शिकार येत नाही आणि भीती राहत नाही. असा पक्षी बाहेर सोडला तर भुकेने किंवा दगडाने मरतो. झाडाखाली पिल्लू दिसले आणि जखम नसेल, तर ते घरट्यात किंवा उंच फांदीवर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरे नाही.

आपल्याकडे अडचण अंतराची आहे. वन्यजीवांसाठीचे वन विभागाचे उपचार केंद्र, ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे, म्हणजे बुलढाण्याहून ३०० किलोमीटरपेक्षा जास्त. त्यामुळे इथे पहिला इलाज तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातच होतो. म्हणूनच आपला पहिला तास बिघडला नाही पाहिजे.

दिल्लीचे दोन भाऊ

नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दिल्लीचे सख्खे भाऊ. तरुणपणी त्यांना जखमी घार सापडली. पक्ष्यांच्या दवाखान्यात नेली तर मांसाहारी पक्षी म्हणून घेतली नाही. पुढे २००३ पासून त्यांनी घरातच घारींवर उपचार सुरू केले. पोटासाठी साबणाचे डिस्पेन्सर बनवायचा लहानसा कारखाना, आणि त्याच तळघरात घारींचा दवाखाना. दोघांना तरुणपणी व्यायामाचा शौक होता. स्नायू आणि स्नायूबंध यांची पहिली ओळख त्यांना बॉडीबिल्डिंगच्या मासिकांतून झाली. नातलग सालिक रहमान यांच्या साथीने त्यांनी हजारो पक्षी हाताळले, त्यातले बहुतेक मांजाने कापलेले.

त्यांच्यावर शौनक सेन यांनी 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट केला. २०२२ मध्ये सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत त्याला पुरस्कार मिळाला, २०२३ मध्ये ऑस्करचे नामांकन मिळाले. मोहल्ल्यातले दोन भाऊ, डॉक्टरकीची पदवी नाही, तळघरात लाइट जाते, पाणी शिरते, पैसे पुरत नाहीत. तरीही रोज खोकी येत राहतात आणि ती उघडली जातात. आपल्या पोरांना हा माहितीपट जरूर दाखवा.

दिल्लीत घारींना मांस टाकणे सवाब मानले जाते, त्याने माणसाच्या अडचणी जातात असे लोक समजतात. आपल्याकडेही काही जण सदका म्हणून बोटी उधळतात. ज्याला घारीचे भले करायचे आहे त्याने तेवढेच करून थांबू नये, एवढेच म्हणेन.

"चील तो फासिक है" आणि घुबडाची भीती

मोहल्ल्यात एक मुद्दा हमखास निघतो. हदीसमध्ये ज्या पाच उपद्रवी जीवांना हरमच्या हद्दीतही मारायची परवानगी आहे, त्यांत घारीचे नाव येते. मग तिला वाचवायचे कशाला?

मी आलिम नाही, मसला आलिमांनाच विचारावा. पण जेवढे शिकलो त्यात ही परवानगी उपद्रवापासून बचावासाठी आहे, छळण्याचा हुकूम नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जनावर जिबह करतानाही सुरी धारदार ठेवून त्याला त्रास कमी देण्याची ताकीद केली, जिवंत जिवाला नेमबाजीचे निशाण करण्यास मनाई केली. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. मग तारेवर उलटी लटकून दोन दिवस तडफडणारी घार आपल्या हिशोबात कुठे बसते? ती कोणावर झडप घालत नाही. ती आपल्याच दोऱ्याला अडकली आहे.

बुखारी शरीफमध्ये हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेली एका दासीची हकिकत आहे. घरच्या मुलीचा लाल चामड्याचा पट्टा घारीने मांस समजून उचलला. आळ दासीवर आला, तिची झडती झाली. ती सर्वांसमोर उभी असतानाच घार परत आली आणि तिने तो पट्टा त्यांच्यामध्ये टाकला. ज्या घारीमुळे आळ आला, तिच्यामुळेच तो धुतला गेला. ती दासी पुढे मदिनेत आली, मुसलमान झाली.

घुबडाचे तर आणखी वाईट. कोणी त्याला मनहूस म्हणून दगड मारतो, कोणी अमावस्येच्या जादूटोण्यासाठी विकतो. इस्लामपूर्व अरबांत समजूत होती की खून झालेल्या माणसाचा आत्मा घुबड होऊन सूडासाठी ओरडत फिरतो. त्याला 'हामा' म्हणत. प्रेषितांनी (स.) ती समजूत स्पष्टपणे खोटी ठरवली. तरीही आपण चौदाशे वर्षांनंतर छपरावर पिंगळा बोलला की दचकतो. तो बिचारा आपल्या सोयाबीन-हरभऱ्याचे उंदीर खाऊन जगतो.

मांजाची गोष्ट आपल्याच हातात

राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो विकला जातो, आणि विकत घेतो तो आपलाच पोरगा. हा धागा कुजत नाही. संक्रांत संपली, पतंग फाटला, तरी तो झाडावर आणि तारेवर महिनोन्‌महिने लटकत राहतो. पक्ष्याचा गळा कापतो, तसा मोटारसायकलवाल्याचाही.

पतंग उडवू नका असे मी म्हणत नाही, मीही उडवले आहेत. साधा सुती दोरा घ्या. सकाळी आणि संध्याकाळी पक्षी बाहेर पडायच्या आणि घरी परतायच्या वेळी पतंग खाली ठेवा. संक्रांतीनंतरच्या रविवारी मोहल्ल्यातल्या पोरांनी झाडांवरचा, गच्च्यांवरचा मांजा गोळा करून कापून टाकावा. जुम्म्याच्या खुतब्यात इमामसाहेबांनी दोन शब्द बोलले तर माझ्या शंभर तासांपेक्षा जास्त काम होईल.

जखमी पक्षी आपल्या दारात येतो तेव्हा तो आपला होत नाही. ती अमानत असते, आणि अमानतीचा नियम आपल्याला ठाऊक आहे : ती सांभाळायची, वापरायची नाही, आणि ज्याची आहे त्याला परत करायची. घार आभाळाची आहे.

त्या पोराला मी नंतर उत्तर दिले. सांगितले की तिला मांजाने पाडले, पण वाचवायची वेळ आपल्याला माहीत नसल्यामुळे गेली. माहीत नसणे हा तुझा गुन्हा नव्हता. आता माहीत झाले आहे. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत येताना त्याने घरून बुटांचे एक मोठे खोके आणले, भोके पाडून, आत दादीचा जुना टॉवेल घालून. झाकणावर स्केचपेनने लिहिले होते : १९२६. ते खोके आमच्या स्टाफरूमच्या कपाटावर आहे.